नवा मोबाईल घेताना : अवजाराची पारख आणि सौद्याची सफाई

दुकानदाराच्या गल्ल्यात पूर्वी तीन वस्तू हमखास असत : तराजू, चोपडी आणि पेटीची किल्ली. आज या तिन्हींचे काम एकटा मोबाईल करू लागला आहे. मालाचा भाव त्यावर ठरतो, उधारी त्यावर लिहिली जाते, पैसाही त्यावरच येतो. मालेगावचा यंत्रमागवाला, धारावीतील चामड्याचा कारागीर, मिरजेचा सतारमेकर, सर्वांच्या हाती हे यंत्र आहे. म्हणजे मोबाईल आता कारागिराच्या दृष्टीने हातोडी-कात्रीसारखे अवजार झाला आहे. मात्र हातोडी घेताना आपण तिचा दांडा हलवून पाहतो, लोखंड ठोकून पाहतो. मोबाईल घेताना जाहिरात पाहतो. बाजारात नवा फोन आला की पहिल्याच आठवड्यात तो घेण्याची घाई होते आणि सौदा झाल्यावर हिशोब सुरू होतो. हा क्रम उलटा करावयास हवा.

घाई कोणाच्या फायद्याची?

२०१६ सालच्या दोन घटना व्यापाऱ्याने लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. त्या वर्षी फेब्रुवारीत अवघ्या २५१ रुपयांत स्मार्टफोन देण्याची घोषणा झाली आणि नोंदणीसाठी देशभर झुंबड उडाली. पत्रकारांना दाखविलेल्या नमुन्याच्या फोनवर दुसऱ्याच कंपनीचे नाव पांढऱ्या रंगाने झाकलेले आढळले. गाजावाजा झाला तितक्या लोकांच्या हाती तो फोन कधी पडलाच नाही. दुसरी घटना सॅमसंगसारख्या मोठ्या कंपनीची. ऑगस्ट २०१६ मध्ये आलेल्या ‘गॅलेक्सी नोट ७’ च्या बॅटऱ्या पेट घेऊ लागल्या. कंपनीने फोन परत मागविले, बदलून दिले, बदललेलेही पेटले. अखेर ऑक्टोबरमध्ये त्याचे उत्पादनच बंद करण्यात आले.

पहिल्या घटनेत विकणाऱ्याच्या हाती माल नव्हता, दुसरीत माल होता पण वापराची कसोटी लागलेली नव्हती. जवळ नसलेली वस्तू विकू नये, ही ताकीद प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ह. हकीम बिन हिजाम (रजि.) यांना दिली होती. आगाऊ पैसे देऊन होणाऱ्या ‘सलम’ व्यवहाराला शरीअतने परवानगी दिली, तीही वस्तूचे वर्णन, परिमाण आणि देण्याची तारीख पक्की असेल तरच. नव्या फोनची नोंदणी करताना हीच कसोटी लावावी. शक्य असेल तर दोन महिने थांबावे. तोपर्यंत दोष उघड होतात आणि बहुधा किंमतही उतरते.

एक उदाहरण : खोक्यावर काय, आत काय

मध्यम किमतीच्या फोनची पारख कशी करावी, यासाठी एक उदाहरण घेऊ. लंडनच्या ‘नथिंग’ कंपनीने ८ जुलै २०२४ रोजी ‘सीएमएफ फोन १’ भारतात आणला. ६ जीबी रॅम व १२८ जीबी साठवणुकीच्या फोनची किंमत तेव्हा १५,९९९ रुपये, तर ८ जीबी रॅमच्या फोनची १७,९९९ रुपये होती.

कारागिराच्या नजरेत प्रथम भरते ती याची पाठ. चार-दोन स्क्रू काढले की मागचे कव्हर निघते आणि दुसऱ्या रंगाचे बसविता येते. कोपऱ्यात एक फिरती चकती आहे; ती काढून तेथे दोरी किंवा स्टँड अडकविता येतो. गिऱ्हाईकाला माल दाखविताना स्टँड खरोखर उपयोगाचा. परंतु पाठ उघडते म्हणून बॅटरी आपल्या हाताने बदलता येईल, असा समज कोणी करून घेऊ नये. तशी सोय कंपनीने ठेवलेली नाही. पडदा ६.६७ इंचांचा व तेजस्वी असल्याने दुकानाबाहेर उन्हातही वाचता येतो. बॅटरी ५,००० एमएएचची, म्हणजे दिवसभराच्या सर्वसाधारण वापराला पुरणारी.

आता खोक्यात काय नाही ते पाहू. चार्जर नाही, केवळ वायर आहे. योग्य चार्जर वेगळा घ्यावा लागतो आणि ती रक्कम किमतीत धरावी लागते. सिमचा कप्पा दुहेरी कामाचा आहे : दोन सिम घाला, नाहीतर एक सिम आणि एक मेमरी कार्ड. घरचा एक व धंद्याचा एक असे दोन नंबर वापरणाऱ्याला मेमरी कार्डाची जागा उरत नाही. फोनमध्ये एनएफसी नाही. क्यूआर कोडवर पैसे घेणाऱ्याचे त्यावाचून अडत नाही, पण गिऱ्हाईकाचे कार्ड फोनवरच टेकवून पैसे घेण्याची सोय ज्याला हवी असेल, त्याचे अडते. अँड्रॉइडच्या दोन नव्या आवृत्त्या आणि सुरक्षा-दुरुस्ती तीन वर्षे, असे आश्वासन कंपनीने दिले होते. बँकेचा व्यवहार ज्या यंत्रावर चालतो, त्याची सुरक्षा किती वर्षे टिकणार हा प्रश्न कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलपेक्षा मोठा आहे.

मुद्दा या एका फोनचा नाही. कोणताही फोन घेताना चार्जर, सिमचा कप्पा, सुरक्षेची वर्षे आणि जवळचे दुरुस्ती केंद्र, या चार गोष्टी विचाराव्यात. ‘८ अधिक ८ जीबी’ असे लिहिलेले असेल तर दुसरे आठ जीबी साठवणुकीतून उसने घेतलेले असतात, हेही ध्यानात ठेवावे.

पहिले तीन दिवस

फोन हाती आल्यावर पहिली परीक्षा अंगठ्याची. शिवणकाम, चामडे, रंग, चुना, लोखंड यांत हात घालणाऱ्यांच्या बोटांवरील रेषा झिजलेल्या व कोरड्या असतात. पडद्याखालचा ठशांचा वाचक अशा बोटांना वारंवार नकार देतो. एकच अंगठा दोनदा नोंदविल्यास बराच फरक पडतो, आणि पिन क्रमांक तर पाठ असावाच.

दुसरी परीक्षा आवाजाची. यंत्रमागाच्या खडखडाटात घंटी ऐकू येते काय, बोलणे समोरच्याला कळते काय, हे कारखान्यातच पाहावे, मोबाईलच्या शोरूममध्ये नव्हे. तिसरी परीक्षा कॅमेऱ्याची, आणि ती केवळ यंत्राची नाही, आपलीही आहे.

नवे फोन छायाचित्र जसेच्या तसे देत नाहीत. रंग गडद करतात, सावली उजळतात, कापडावरची सुरकुती पुसट करतात. पिवळ्या दिव्याखाली काढलेला मोतिया रंगाचा दुपट्टा गिऱ्हाईकाला लोण्यासारखा दिसतो, आणि पार्सल उघडले की भांडण. बाजारातील धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओला माल वर दाखविणाऱ्या प्रेषितांची (स.) घटना आपण जुम्याच्या खुतब्यात अनेकदा ऐकली आहे. वरचे कोरडे धान्य आणि फोनने सजविलेले छायाचित्र यांत तत्त्वतः फरक नाही. म्हणून कॅमेऱ्यातील रंग खुलविणारी सोय मालाच्या छायाचित्रापुरती बंद करावी. दिवसाच्या उजेडात, शेजारी पांढरा कागद ठेवून चित्र काढावे. कागद पांढरा दिसला तर कापडाचा रंगही बहुतेक खरा उतरतो. डाग किंवा धाग्याची गाठ असेल तर तिचे वेगळे चित्र पाठवावे. व्हॉट्सअॅपवर चित्र दाबून बारीक होते. तेच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठविल्यास मूळ रूपात जाते. सतारीचा सूर ऐकविणाऱ्यानेही हाच मार्ग धरावा.

‘नो कॉस्ट’ हप्त्याची किंमत

आता सर्वांत नाजूक विषय. नवा फोन म्हटला की ‘नो कॉस्ट ईएमआय’ आलाच. व्याज नाही असे विक्रेता सांगतो आणि आपण निर्धास्त होतो. रिझर्व्ह बँकेने १७ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकातच सांगून ठेवले आहे की शून्य टक्के व्याज अशी गोष्ट अस्तित्वातच नसते. व्याज प्रक्रिया शुल्काच्या किंवा अन्य रूपाने झाकलेले असते.

समजा, फोन १८,००० रुपयांचा आणि हप्ते ३,००० चे सहा. बँकेचा दर साल १५ टक्के असेल तर बँक प्रत्यक्षात सुमारे १७,२३८ रुपयेच कर्ज देते आणि ७६२ रुपये व्याज लावते. तेवढी सूट विक्रेत्याने दिलेली असते म्हणून बेरीज १८,००० च दिसते. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी म्हणजे १३७ रुपये आणि १९९ रुपये प्रक्रिया शुल्क असल्यास करासह २३५ रुपये, असे ३७२ रुपये आपण वर देतो. रोखीने घेणाऱ्याला मिळू शकणारी सूट गेली ती वेगळीच. रक्कम लहान आहे, पण कागदावर व्याज हा शब्द आपल्या नावापुढे लिहिला गेला, आणि हप्ता चुकला तर दंड व व्याज दोन्ही चढतात.

म्हणून हप्त्याने घेणेच नाजायज, असेही नव्हे. दुकानदाराने स्वतः माल विकावा, रोखीपेक्षा थोडी जास्त पण एकच किंमत आरंभी ठरवावी, मुदत पक्की करावी आणि उशीर झाला तरी रक्कम वाढवू नये, अशा विक्रीस जेद्दाह येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने मार्च १९९० च्या अधिवेशनात मान्यता दिली आहे. दोन्हींतला फरक असा की येथे माल विकला जातो, तेथे पैसा विकला जातो. ओळखीच्या दुकानदाराशी असा करार लेखी होऊ शकतो. शंका असल्यास आपल्या भागातील आलिमांना योजनेचा कागद दाखवून विचारावे. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे सहा महिने दरमहा तीन हजार बाजूला टाकून रोखीने घेणे. तोवर त्या फोनचा भावही खाली आलेला असण्याचा संभव असतो.

बिल हेच शस्त्र

बिलाशिवाय फोन घेऊ नये. मोबाईलवर १८ टक्के जीएसटी आहे. १७,९९९ रुपयांच्या किमतीत सुमारे २,७४६ रुपये कराचे असतात. नियमित जीएसटी भरणाऱ्याने धंद्यासाठी घेतलेल्या फोनच्या बिलावर आपला जीएसटी क्रमांक घालावा म्हणजे त्या कराची वजावट मागता येते. कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्याला ती मिळत नाही.

स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश ही कळ दाबताच पडद्यावर येणारा १५ अंकी आयएमईआय क्रमांक बिलाशी व खोक्याशी ताडून पाहावा. इंग्रजीत ‘केवायएम’ ही अक्षरे, एक जागा सोडून तो क्रमांक, असा संदेश १४४२२ वर पाठविला की फोन खरा आहे की नाही ते कळते. जुना फोन विकत घेताना तर हे अवश्य करावे. चोरीचा माल स्वस्तात घेणे कायद्याने गुन्हा आहे आणि दीनच्या दृष्टीने हराम.

सदोष वस्तू परत करण्याचा हक्क आपल्या फिक्हमध्ये ‘खियार-ए-ऐब’ या नावाने शतकानुशतके आहे. पसंत न पडल्यास सौदा मोडण्याची अट घालण्याचा हक्कही आहे. हनफी असोत वा आपल्या कोकणातील शाफई, तीन दिवसांपर्यंतची अशी अट दोन्हीकडे मान्य आहे. देशाचा ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा असून तो जुलै २०२० पासून लागू आहे. व्यापारी कारणासाठी घेतलेल्या वस्तूला तो सहसा लागू होत नाही. मात्र स्वतःच्या श्रमाने, केवळ उपजीविकेसाठी वस्तू वापरणाऱ्याला कायद्याने ग्राहकच मानले आहे. एकट्याने काम करणाऱ्या शिंप्याला किंवा चर्मकाराला ही तरतूद फार मोलाची आहे. तक्रारीसाठी १९१५ हा क्रमांक आहे. पुढे जिल्हा आयोगाकडे, राहत्या किंवा कामाच्या जिल्ह्यात, दोन वर्षांच्या आत अर्ज करता येतो आणि पाच लाखांपर्यंतच्या किमतीला शुल्क पडत नाही.

जुन्या फोनमधील अमानत

नवा फोन सुरू करताना दिवस पाहून करावा. नवे यंत्र जोडल्यावर पहिल्या चोवीस तासांत पैसे पाठविण्यावर अनेक बँका मर्यादा ठेवतात. ईदच्या आधी कारागिरांची मजुरी देण्याच्या दिवशी फोन बदलणे म्हणजे स्वतःच्या हाताने गल्ल्याला कुलूप घालणे.

आणि जुना फोन अदलाबदलीत देण्यापूर्वी त्यात काय आहे ते आठवावे. गिऱ्हाईकांच्या घरातील स्त्रियांची मापे व छायाचित्रे, कोणाची उधारी, कोणाचा पत्ता. ही सर्व अमानत आहे. आवश्यक ते नव्या फोनमध्ये घ्यावे, गूगल खाते काढावे, फोन पूर्णपणे रिकामा करावा, मगच हातातून सोडावा. चारशे-पाचशे रुपये जास्त मिळतात म्हणून भरलेला फोन घाईने देऊन टाकणे व्यापाऱ्याला शोभणारे नाही.

कारागिराची बरकत त्याच्या हातात असते आणि व्यापाऱ्याची त्याच्या जबानीत. नवा फोन या दोन्हींचा नोकर राहील इतक्याच किमतीचा व इतक्याच कामाचा घ्यावा. अवजार पारखून घेतले, सौदा व्याजाविना झाला आणि दाखविलेला माल खरा निघाला, तर त्या फोनवर येणारा पैसाही, इन्शाअल्लाह, हलालच राहील.