रोमन दिनारियसचा संग्रह

शुभवर्तमानांत कराविषयींच्या प्रश्नाचे वेळीं प्रभूसमोर आणलेलें नाणें तिबेरियस बादशहाचें 'दिनारियस' असावें, असें बहुतेक जाणते मानतात. हीं रुप्याचीं नाणीं आजही संग्राहकांस मिळतात. आपल्या देशांत कोइमतूरच्या आसपास तर त्यांचे साठे जमिनींत सांपडले आहेत.

नाणें हातीं येतांच मुखवट्याआधीं त्याचें वजन पाहावें. ऑगस्टसच्या काळीं तें सुमारें ३·९ ग्रॅम भरे व रुपें जवळजवळ शुद्ध असे. इ. स. ६४ मध्यें नीरोनें वजन व कस दोन्ही उतरविले. सेप्टिमियस सेव्हेरसच्या कारकीर्दींत (१९३–२११) रुपें जेमतेम निम्में राहिलें. बादशहाच्या चेहऱ्यावरील तोरा मात्र तसाच! आंत तांबें व वर रुप्याचा पत्रा अशीं खोटीं नाणींही त्या काळीं चालत; तेव्हां कांहीं नाण्यांवर सराफी ठशांच्या बारीक खुणा दिसतात, त्यांस दोष समजूं नये.

खरी हानि नवशिक्याच्या उत्साहानें होते. काळवंडलेलें नाणें राखेनें किंवा चिंचेनें घासून त्यानें लखलखीत केलें, कीं दोन हजार वर्षें टिकलेलीं अक्षरें घटकाभरांत पुसट होतात, व बादशहा कोण हेंच कळेनासें होतें. विद्यार्थिमित्रांनो, नाणें कडेनें धरा, कोरड्या कागदी पाकिटांत ठेवा, आणि तें कोठें सांपडलें हें ठाऊक असल्यास त्याच पाकिटावर लिहून ठेवा.