तिला पाहायचं, त्याला खायचं… चला चेन्नईला!

तिरुपती, रामेश्वर, कन्याकुमारी करून आलेल्या अनेक मराठी जोडप्यांनी चेन्नई पाहिलेली असते ती फक्त सेंट्रल स्टेशनाच्या फलाटावरून. गाडी बदलायची, इडलीचं पुडकं घ्यायचं आणि पुढे निघायचं! मुलं मोठी झाल्यावर दोघंच प्रवासाला निघाली, तरी क्रम तोच. त्यात नेहमीची कुरबुर असतेच. तिला देवळं आणि संग्रहालयं पाहायची असतात, त्याचं लक्ष मात्र घड्याळाकडे, जेवण कधी?

ही कुरबुर मिटवायची असेल, तर चेन्नईला सरळ तीन दिवस द्यावेत. इथे पाहायच्या ठिकाणाशेजारीच खायचं ठिकाण असतं. आणि मराठी माणसाला तर या शहरात आपलीच नावं भेटत राहतात.

किल्ला आणि कालिकांबाळ

सुरुवात सेंट जॉर्ज किल्ल्यापासून करावी. 1639 साली इंग्रजांना इथली जागा मिळाली आणि किल्ल्याभोवती मद्रास वाढलं. आता आत विधानसभा आणि सचिवालय आहे, म्हणून ओळखपत्र जवळ हवं. 1680 चं सेंट मेरी चर्च इथेच आहे. रॉबर्ट क्लाइव्हचं लग्न 1753 मध्ये याच चर्चमध्ये लागलं.

दक्षिण दिग्विजयाच्या वेळी, मे 1677 मध्ये, शिवाजी महाराजांनी याच किल्ल्यातल्या इंग्रजांकडून औषधी खडे आणि विषावरचे उतारे मागवले होते. इंग्रजांनी ते पाठवले, पण पैसे घेतले नाहीत! तिथून जवळच, जॉर्ज टाऊनमधल्या तंबु चेट्टी रस्त्यावर कालिकांबाळ देवीचं मंदिर आहे. 3 ऑक्टोबर 1677 रोजी महाराज इथे दर्शनाला आले होते, असं मंदिरात सांगितलं जातं. मराठी यात्रेकरूचे हात इथे आपोआप जोडले जातात.

दुपारी ‘मील्स रेडी’ अशी पाटी दिसेल तिथे शिरावं. केळीच्या पानावर भात, सांबार, रस्सम, कूटू, पोरियल, अप्पळम आणि शेवटी ताकभात. वाढपी पुन्हा पुन्हा येतो. पान आपल्या बाजूला दुमडलं की जेवण झालं असं तो समजतो. सांबाराचा जन्म तंजावरच्या मराठा राजांच्या मुदपाकखान्यात झाला, आमसूल संपलं म्हणून आमटीत चिंच घातली आणि संभाजीराजांवरून नाव पडलं, अशी गोष्ट सांगतात. इतिहासात तिला पुरावा नाही. पण तंजावरला मराठ्यांचं राज्य 1855 पर्यंत होतं, आणि तिकडची जुन्या वळणाची मराठी चेन्नईतल्या काही घरांत अजूनही बोलली जाते.

मैलापूरची सकाळ

दुसरा दिवस मैलापूरचा. पहाटेच कपालीश्वराचं दर्शन घ्यावं. उंच गोपुर, पुढे मोठा तलाव, रस्त्यावर मोगऱ्याचे गजरे. तिने एक केसांत माळावा, पैसे त्याने द्यावेत! मग रायर्स मेसमध्ये गरम पोंगल आणि वडा. सकाळी लवकर गेलेलं बरं. वर फिल्टर कॉफी, पितळी पेल्यातून वाटीत आणि वाटीतून पेल्यात ओतत, फेस आणून प्यायची. कडवट चव येते ती चिकोरीची.

याच भागात लझ परिसरात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या नावाचं वाचनालय आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मद्रासकरांनी ते उभारलं. पुण्याच्या माणसाची आठवण इतक्या दूर कुणी जपावी, याचं नवल वाटतं. पुढे समुद्राकडे गेलं की सान थोमे चर्च लागतं. प्रेषित थॉमस यांची समाधी तिथे असल्याची श्रद्धा आहे.

अर्धनारीश्वर आणि टिळक घाट

तिसऱ्या दिवशी एग्मोरचं सरकारी संग्रहालय. 1851 साली स्थापन झालेल्या या संग्रहालयातल्या चोळकालीन कांस्यमूर्ती जगात नावाजलेल्या आहेत. तिरुवेंगाडूचा अर्धनारीश्वर जोडीने पाहावा. अर्धा शिव, अर्धी पार्वती, आणि तोल कुठेही ढळलेला नाही. त्यासमोर उभं राहिलं की ‘तुझंच नेहमी ऐकायचं का?’ हा वाद जरा मवाळ होतो.

संध्याकाळी ट्रिप्लिकेनला पार्थसारथीचं दर्शन, मग 1948 पासून चालणाऱ्या रत्ना कॅफेत सांबारात बुडवलेली इडली. पलीकडेच मरीना किनारा. इथल्या वाळूवर स्वातंत्र्यलढ्याच्या सभा होत, आणि त्या जागेला लोक टिळक घाट म्हणत.

जाण्यापूर्वी

डिसेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस कोसळतो, मे महिन्यात उन्हाचा ताप. डिसेंबरात संगीत महोत्सव असतो आणि सभागृहांबाहेरच्या उपाहारगृहांत उत्तम जेवण मिळतं. देवळं दुपारी बंद असतात आणि दोन्ही संग्रहालयं, किल्ल्यातलं आणि एग्मोरचं, शुक्रवारी. मुंबईहून रेल्वेने साधारण एक दिवस लागतो.

आणि एक पथ्य पाळावं. तीन दिवस घरच्या स्वयंपाकाचा, उद्याच्या डब्याचा विषय काढायचा नाही. वर्षानुवर्षं सर्वांना वाढून शेवटी स्वतः जेवायला बसणाऱ्या तिला इथे कुणीतरी आग्रहाने वाढतं. शेवटच्या संध्याकाळी वाळूत बसून, नारळ-कैरी घातलेलं वाटाण्याचं सुंडल दोघांनी एकाच पुडीतून खावं. परतीच्या गाडीत मग कुरबुर उरलीच, तर ती एवढीच: पुन्हा कधी यायचं?