कमी बुद्धीचे पात्र रंगवताना

‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ हा वाक्प्रचार मराठी माणसाला नवा नाही. सारे कळत असून काहीच न कळल्याचा आव आणायचा आणि आपले काम साधून घ्यायचे, असा त्याचा अर्थ. टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या भूमिकाखेळांत मात्र नेमके उलटे कसब लागते. तेथे खेळाडूला सारे कळत असते, पण त्याच्या पात्राला खरोखरच कळत नसते. आणि ते न कळणे खेळाडूने प्रामाणिकपणे निभावायचे असते.

या प्रकारचा पहिला प्रसिद्ध खेळ म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो अमेरिकेत 1974 साली आणला. प्रत्येक खेळाडू एक पात्र घेतो आणि सूत्रधार कथा पुढे नेतो. पात्राचे बळ, बुद्धी, शहाणपण, चापल्य, काटकपणा आणि इतरांवर पडणारी छाप असे सहा गुण आकड्यांत मांडले जातात. मूळ पद्धतीत प्रत्येक गुणासाठी तीन फासे टाकून बेरीज घेत, म्हणून आकडा 3 ते 18 यांच्या दरम्यान येतो. सरासरी साडेदहा. 6 किंवा त्याहून कमी आकडा पडण्याची शक्यता 216 पैकी 20, म्हणजे सुमारे 9 टक्के. अशी पात्रे दुर्मीळ नाहीत.

बुद्धीचा आकडा 6 आला की अनेक खेळाडू पात्राला बोबडे बोलायला लावतात, भिंतीवर डोके आपटायला लावतात. नियमांत मात्र असे काही नाही. 2014 च्या पाचव्या आवृत्तीनुसार 6 या आकड्यामुळे बुद्धीच्या कसोटीत फक्त 2 गुण वजा होतात. वीस बाजूंच्या फाशावर 15 किंवा अधिक हवे असतील, तर सामान्य पात्राला यशाची संधी 30 टक्के असते आणि या पात्राला 20 टक्के. फरक आहे, पण तो मूर्ख आणि माणूस यांच्यातला नव्हे. शिवाय खेळाने बुद्धी आणि शहाणपण हे गुण वेगळे ठेवले आहेत. इतिहास आठवणे किंवा पुराव्यांवरून तर्क करणे ही बुद्धीची कामे. समोरच्याचा हेतू ओळखणे, धोक्याची चाहूल लागणे, रानात वाट काढणे ही शहाणपणाची.

एका कल्पित प्रसंगावरून हे स्पष्ट होईल. सुरतेजवळ तापीच्या मुखाशी वसलेले हजीरा आज पोलाद, खत आणि नैसर्गिक वायूच्या प्रकल्पांसाठी ओळखले जाते. त्याच्या शेजारच्या सुवालीच्या किनाऱ्याजवळ सतराव्या शतकात इंग्रजांची जहाजे नांगर टाकत. समजा, खेळाची कथा तेथे जानेवारी 1664 मध्ये, शिवाजी महाराजांची फौज सुरतेवर येत असताना घडते. पात्रांना जहाजावरून शहरात निरोप पोहोचवायचा आहे. त्यांच्यापैकी एक हजीऱ्याचा खलाशी आहे. त्याची बुद्धी 6, शहाणपण 14. वाटेत सांकेतिक लिपीतले पत्र हाती लागते. खलाशाची भूमिका करणाऱ्या खेळाडूला त्याची उकल क्षणात सुचते. आता त्याने काय करावे?

खलाशाच्या तोंडून उकल वदवली तर तो आकडा निरर्थक ठरतो. पत्र फाडून फेकले तर साऱ्यांचा खेळ नासतो आणि ‘माझे पात्र असेच वागेल’ हा बचाव उरतो. तिसरी वाट अधिक चांगली. खलाशाला पत्र वाचता येत नाही. पण त्याचा कागद ओला आहे, म्हणजे ते आणणारा भरतीच्या वेळी खाडी ओलांडून आला, हे त्याला समुद्राच्या सवयीने कळते. तो एवढेच सांगतो. तर्क इतरांनी करायचा. अशा पात्राने एका वेळी एकच गोष्ट धरावी, शब्दांचा सरळ अर्थ घ्यावा, न कळल्यास विचारावे, आणि चुकीचा पहिला फटका स्वतः सोसावा, सोबत्यांवर लोटू नये.

ही वाट भारतीय रंगभूमीला परकी नाही. ‘मृच्छकटिक’ नाटकातला विदूषक मैत्रेय हसवतो, पण दारिद्र्यात चारुदत्ताची साथ सोडत नाही. तमाशातला सोंगाड्या भोळेपणाने विचारलेल्या प्रश्नांतून शहाण्यांची फजिती करतो. प्रेक्षक हसतात, पण त्याला तुच्छ लेखत नाहीत. कारण त्याला स्वतःची नजर असते.

हा प्रश्न केवळ करमणुकीचा नाही. काही खेळाडू आकड्याला दहाने गुणून त्याला बुद्ध्यंक समजतात. बुद्धिमापन चाचण्या वेगळ्या हेतूने जन्मल्या. 1905 साली आल्फ्रेड बिने यांनी पहिली चाचणी केली, ती शाळेत अधिक मदत लागणारी मुले ओळखता यावीत म्हणून. पुढे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी तिला कन्नड आणि मराठी भाषक मुलांसाठी रूप दिले. परंतु मदतीसाठी काढलेला आकडा समाजाने वारंवार शिव्यांसाठी वापरला. 2016 च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने मान्य केलेल्या 21 प्रकारांत बौद्धिक दिव्यांगत्वही आहे. टेबलाभोवती बसलेल्यांपैकी एखाद्याचा भाऊ वा मुलगी रोज त्या वास्तवासह जगत असू शकते. बोबड्या बोलण्यावर पिकलेला हशा त्याच्या कानांवर कसा पडतो, हे इतरांना दिसत नाही.

म्हणून खेळ सुरू होण्यापूर्वी सूत्रधाराने दोन प्रश्न विचारावेत: या पात्राला इतरांपेक्षा अधिक काय कळते, आणि त्याला काय हवे आहे? दोन्हींची उत्तरे मिळाली, तर बुद्धीचा आकडा 6 असलेला खलाशी कथेतील सर्वांच्या लक्षात राहणारे पात्र ठरू शकतो. उत्तरे नसतील, तर उणीव पात्राच्या बुद्धीत नसून ते रंगवणाऱ्याच्या कल्पनाशक्तीत आहे.