पगारांतून कापलेला कर : दुसऱ्यांदा कां भरावा ?

पगारांतून कापलेल्या कराचा आंकडा पाहून नोकरदार गृहस्थ खिन्न होतो. पण सरकारचें देणें फिटलें, एवढें समाधान तरी त्याला असतें. पुढें विवरणपत्र भरल्यावर आयकर खात्याची सूचना येते, 'हा कर आमच्याकडे जमा दिसत नाहीं, रक्कम भरावी.' बिचारा घाबरून ठेव मोडतो व तोच कर पुन्हां भरतो. श्रोतेहो, ही घाई करूं नये.

प्रथम खात्याच्या संकेतस्थळावरील आपलें २६-एएस पत्रक पगारपत्रकांशीं ताडून पाहावें. पुष्कळदां दोष केवळ लेखनिकाचा असतो. पॅन म्हणजे पांच अक्षरें, चार आंकडे व शेवटीं एक अक्षर. त्यांत एक आंकडा चुकला कीं आपला पैसा परक्याच्या नांवावर जातो. ही चूक आपणांस सुधारतां येत नाहीं. मालकानेंच दुरुस्तीचें तिमाही विवरण द्यावें लागतें. तें झालें म्हणजे आपण खात्याकडे आदेशाच्या दुरुस्तीचा अर्ज करावा.

परंतु मालकानें कर कापला आणि सरकारांत भरलाच नाहीं तर ? खरी अडचण ही. मार्च २०२६ पर्यंतच्या उत्पन्नास लागू असलेल्या १९६१ च्या अधिनियमाचें २०५ वें कलम येथें नोकराच्या बाजूस उभें आहे : जितका कर कापला गेला, तितका त्याच्याकडून पुन्हां मागतां येत नाहीं. मुंबई उच्च न्यायालयानें २००७ सालीं हेंच सांगितलें, व १ जून २०१५ रोजीं प्रत्यक्ष कर मंडळानेंही अशा प्रकरणीं सक्तीची वसुली करूं नये, असें आपल्या अधिकाऱ्यांस बजावलें. तरीही मागणी कागदोपत्रीं तशीच पडून राहते व पुढील वर्षाच्या परताव्यांतून वळती होऊं पाहते. ही आडवळणाची वसुलीच होय, असा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयानें २०२३ सालीं दिला.

म्हणून सूचनेस मौन हें उत्तर नव्हे. संकेतस्थळावर मागणी अमान्य असल्याचें कारणासह नोंदवावें. कर कापला गेला हें सिद्ध करण्याचा भार मात्र आपल्यावर असतो. त्यासाठीं प्रत्येक महिन्याचें पगारपत्रक आणि निव्वळ पगार जमा झाल्याची बँकेची नोंद हाताशीं हवी. कचेरी बंद पडल्यावर हे कागद कोण देणार ? पगारपत्रकें केवळ कचेरीच्या संगणकावर ठेवणाऱ्यांनीं त्यांच्या प्रती आजच घरीं आणाव्या.