लेथ आणि वॉशिंग मशिन एकाच खोलीत. यंत्र गंजापासून कसे वाचवाल?

परभणी : घरातच छोटे वर्कशॉप थाटणाऱ्या कारागिरांपुढे जागेची अडचण कायम असते. तळघरात किंवा तळमजल्यावरील मागच्या खोलीत एका भिंतीला लेथ, ड्रिल व ग्राइंडर आणि दुसऱ्या भिंतीला वॉशिंग मशिन, अशी मांडणी मग सोयीची वाटते. मात्र कपड्यांतील ओल जाते कुठे, याचा विचार न केल्यास पोटापाण्याचे साधन असलेले यंत्र हळूहळू निकामी होऊ शकते.

पाणी हवेत, हवा लोखंडावर

पाच किलो सुती कपडे मशिनमध्ये पिळून निघाले, तरी त्यांत साधारणपणे अडीच लिटर पाणी उरते. दहा बाय बारा फुटांच्या, दहा फूट उंच खोलीत सुमारे 34 घनमीटर हवा मावते. 25 अंश सेल्सिअस तापमानाला एवढी हवा जेमतेम पाऊण किलो बाष्प धरू शकते. म्हणजेच दारे-खिडक्या बंद करून कपडे आतच वाळत घातले, तर हवेला पेलणार नाही इतके, तिपटीहून अधिक पाणी त्या खोलीत सोडले जाते. उरलेले पाणी भिंतींवर आणि लोखंडावर जमते.

हवेतील आर्द्रता साधारण 60 टक्क्यांच्या पुढे गेली, की उघड्या लोखंडावर गंज वेगाने धरू लागतो. परभणीच्या काळ्या मातीत पावसाचे पाणी बराच काळ मुरून राहते. त्यामुळे पावसाळ्यात तळघराच्या भिंतींना आधीच ओल असते, त्यात कपड्यांच्या बाष्पाची भर पडते.

हिवाळ्यातही धोका टळत नाही. जिल्ह्यात थंडीच्या लाटेत किमान तापमान 10 अंशांच्या खाली उतरते. बिडाचा जड लेथ रात्रभर थंड होतो आणि सकाळी लवकर तापत नाही. अशा वेळी खोलीत गरम पाण्याने धुणे झाले, की फ्रीजमधून काढलेल्या तांब्यावर धरतात तसे थेंब लेथच्या बेडवर धरतात.

नुकसान कशाचे?

लेथची खरी किंमत बेडच्या सरळपणात असते. गंजाची पूड आणि ग्राइंडरची धूळ तेलात मिसळली, की ती पॉलिश पेपरसारखी बेड घासते. चकजवळचा भाग सर्वाधिक वापरात असल्याने तो आधी झिजतो आणि शाफ्ट एका टोकाला निमुळता उतरू लागतो. शेतीपंपाच्या मोटारीच्या शाफ्टवर बेअरिंग बसवताना शतांश मिलिमीटरचा फरकही महत्त्वाचा ठरतो. बेअरिंग सैल बसले, तर ऐन रब्बीत पिकाला पाणी देण्याच्या वेळी मोटार पुन्हा दुरुस्तीला येते आणि कारागिराचे नाव खराब होते.

ॲसिडची बाटली बाहेर ठेवा

धुण्याच्या जागेजवळ फरशी किंवा संडास साफ करण्याचे ॲसिड ठेवण्याची पद्धत घातक आहे. त्यातील हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ बंद खोलीत पसरते व काही दिवसांतच हत्यारांवर तांबूस थर चढतो. ब्लीचमुळेही लोखंड गंजते. ॲसिड व ब्लीच एकत्र झाल्यास क्लोरिन हा विषारी वायू तयार होतो, तो माणसांच्या जिवावर बेतू शकतो.

विजेबाबत दक्षता

ओली फरशी, लोखंडी कीस आणि वीज यांचे एकत्र येणे धोकादायक असते. एमसीबी वायरिंगचे रक्षण करते, माणसाचे नव्हे. विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि दोन्ही यंत्रांना पक्के अर्थिंग आवश्यक आहे. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे.

हे करा

- कपडे खोलीत वाळवू नका. पर्याय नसेल, तर कपडे वाळेपर्यंत एक्झॉस्ट फॅन सुरू ठेवा आणि समोरच्या बाजूने हवा आत येऊ द्या.

- काम संपल्यावर कीस ब्रशने काढा व बेड, चक, टेलस्टॉक यांना तेलाचा पातळ हात द्या. पावसाळ्यात बाहेरची हवाही दमट असल्याने हे रोज करणे गरजेचे आहे.

- यंत्र प्लॅस्टिकने घट्ट गुंडाळू नका. आतली ओल आतच राहते. जाड सुती कापड वापरा.

- वॉशिंग मशिनच्या सांडपाण्याचा पाइप थेट गटारात सोडा. लेथ फरशीपासून थोडा उंच बसवा.

- वर्कशॉपचे कपडे बाहेर झटकून वेगळे धुवा. तेलाने माखलेल्या चिंध्या ड्रायरमध्ये टाकू नका, त्या पेट घेऊ शकतात. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.

- शक्य असल्यास दोन्हींच्या मध्ये छतापर्यंत पार्टिशन घाला. तोही खर्च जमत नसेल, तर जागा बदलताना आधी वॉशिंग मशिन हलवा. लेथ पुन्हा लेव्हल करण्यापेक्षा ते कितीतरी सोपे आहे.