जांभळ्या पानांची बाजरी

शोभेचे गवत म्हणजे ज्याची लागवड धान्यासाठी किंवा चाऱ्यासाठी नव्हे, तर पानांचा रंग, झुपक्याचा आकार आणि तुऱ्याची ठेवण पाहण्यासाठी केली जाते असे गवत. अशा गवतांमध्ये ज्या वाणाने जगभरच्या उद्यानशास्त्राचे लक्ष वेधून घेतले, तो ‘पर्पल मॅजेस्टी’ हा वाण वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने महाराष्ट्रात घरोघरी भाकरीला वापरली जाणारी बाजरीच आहे. अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठात डेव्हिड अँड्र्यूज यांनी तो सिद्ध केला आणि २००३ साली ‘ऑल-अमेरिका सिलेक्शन्स’ या वाणपरीक्षण संस्थेचे सुवर्णपदक त्याला मिळाले. अँड्र्यूज यांनी त्यापूर्वी हैदराबादजवळील पाटणचेरू येथील ‘इक्रिसॅट’ या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेत बाजरीच्या सुधारणेचे काम केले होते. म्हणजे बागेतल्या या वाणामागे कोरडवाहू शेतकऱ्याच्या धान्यासाठी कमावलेले ज्ञान उभे आहे, आणि या वाणाचे खरे महत्त्व त्यातच आहे.

या वाणाचे रोप उगवते तेव्हा ते हिरवेच असते. मात्र भरपूर ऊन मिळू लागले की पाने गडद होत जातात आणि अखेर जवळजवळ काळसर जांभळी दिसतात, तर सावलीत वाढलेल्या रोपाचा हिरवेपणा टिकून राहतो. हा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्यामुळे येतो. ते पानातील हरितद्रव्याची जागा घेत नाही, त्याला झाकते, आणि म्हणूनच जांभळे पानही अन्न तयार करू शकते. पांढऱ्या पट्ट्यांच्या गवतात पट्ट्यापुरते हरितद्रव्यच नसल्याने वाढ मंदावते. जांभळ्या बाजरीवर तशी पाळी येत नाही. फुलोऱ्यात आलेल्या गडद कणसावर पिवळे परागकोश बाहेर पडतात, तेव्हा हा रंगविरोध विशेष उठून दिसतो.

असा वाण घडवताना पैदासकाराला बाजरीचा एक स्वभाव उपयोगी पडतो. एकाच कणसावर स्त्रीकेसर आधी बाहेर येतात आणि परागकोश नंतर, त्यामुळे परपराग घेण्याकडेच या पिकाचा नैसर्गिक कल असतो. स्त्रीकेसर दिसण्यापूर्वी कणसावर कागदी पिशवी चढवायची आणि योग्य वेळी निवडक झाडाचे पराग त्यावर झटकायचे, एवढ्यावर संकर साधतो. मोठ्या प्रमाणावर बियाणे तयार करण्यासाठी मात्र नरवंध्य वाण, म्हणजे ज्याच्या परागकोशांत कार्यक्षम पराग तयार होत नाहीत असा मातृवाण, लागतो. अमेरिकेतील टिफ्टन येथे ग्लेन बर्टन यांनी दिलेल्या ‘टिफ्ट २३ ए’ या नरवंध्य वाणावर लुधियानात दिलबागसिंग अठवाल यांनी ‘एचबी-१’ हा भारतातील पहिला संकरित बाजरीचा वाण उभा केला, तो १९६५ साली प्रसारित झाला. पुढे गोसावी रोगाने, ज्याला केवडाही म्हणतात, या पहिल्या पिढीच्या संकरित वाणांची धूळधाण केली, कारण मातृवाण एकच असल्याने त्याची दुर्बलताही सर्व शेतांत सारखीच होती. रंगासाठी निवड करणाऱ्यानेही हा इतिहास विसरणे परवडणारे नाही. सुंदर पान रोगाला बळी पडत असेल तर तो वाण बागेत टिकणार नाही.

दुसरी अडचण बीज सांडण्याची आहे. शोभेसाठी नेलेले फाउंटन ग्रास हे आफ्रिकी गवत हवाई बेटांत मोकाट पसरून वणव्यांना इंधन पुरवू लागले; अशा अनुभवांमुळे बीज न धरणारी शोभेची गवते अधिक मोलाची ठरली. यावरचा उपाय महाराष्ट्राच्या चारा संशोधनात पूर्वीपासून वापरात आहे. बाजरीची गुणसूत्रे १४ आणि नेपिअर किंवा हत्तीगवताची २८. दोहोंच्या संकरात ती २१ होतात, त्यांच्या जोड्या नीट जुळत नाहीत आणि झाड वंध्य राहते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे ‘यशवंत’ आणि ‘फुले जयवंत’ हे याच मार्गाने आलेले वाण असून शेतकरी त्यांची लागवड बियांनी न करता ठोंबांनी किंवा कांड्यांनी करतात. या संकरात एका पालकाच्या जागी जांभळ्या पानांची बाजरी घेतली, तर रंग आणि वंध्यत्व एकत्र साधण्याची दिशा खुली होते; चारा पैदासकारांनी ती गांभीर्याने घ्यावी इतकी ती जवळची आहे.

वर्धा जिल्ह्यात, सेलू तालुक्यातील केळझरसारख्या डोंगरकडेच्या गावी या विषयाकडे वेगळ्या बाजूने, म्हणजे माळावरच्या देशी गवतांतून रंग निवडण्याच्या बाजूने, पाहता येते. वर्धा जिल्हा गवळाऊ गुरांचा. या गुरांचे पोषण विदर्भातील माळरानांच्या मारवेल, पवना, कुसळी अशा गवतांवर होत आले आहे. कुसळीची टोके पावसाळ्यानंतर वाळू लागतात तेव्हा माळ तांबूस दिसतो, पण तिची टोकदार कुसळे जनावराच्या तोंडाला बोचत असल्याने पशुपालक ती फुलोऱ्यापूर्वीच कापणे पसंत करतात. कुसळी आणि मारवेल यांत बहुतांश बीज फलनाशिवायच तयार होते. याला असंगजनन म्हणतात. त्यामुळे संकर करणे कठीण जाते, परंतु एखाद्या झुपक्यात गडद पान आढळलेच, तर त्याचे बी पेरल्यावर बहुतेक रोपे मातृझाडासारखीच निघतात आणि वाण स्थिर करायला पिढ्यान्‌पिढ्या लागत नाहीत. मारवेलच्या देशी झुपक्यांतून चाऱ्यासाठी निवड करून वाण काढले गेलेच आहेत. रंगासाठी निवड करायची तर ऑक्टोबरात, कुसळे पक्व होण्याआधी, माळावर फिरून झुपके खुणेने बांधून ठेवावे लागतात.