सिरोंच्याचा डिसेंबर

महाराष्ट्राच्या आग्नेय टोकाला, प्राणहितेच्या काठी सिरोंचा वसले आहे. नदीपलीकडे तेलंगणा सुरू होतो. थोडे खाली कालेश्वरजवळ प्राणहिता गोदावरीला मिळते आणि आणखी पूर्वेला सोमनूरजवळ इंद्रावतीही गोदावरीत येते. समुद्रसपाटीपासून फारशी उंची नसलेल्या या खोऱ्यात उन्हाळी पारा पंचेचाळिशी गाठतो. येथे बर्फ कधीच पडत नाही. तरीही डिसेंबर लागला की सिरोंच्यातली घरे थंडीची वाट पाहू लागतात आणि ती थंडी बरीचशी दूरवरच्या बर्फावरच अवलंबून असते.

हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारे पश्चिमी विक्षोभ काश्मीर आणि हिमाचलात बर्फ टाकतात. ते पुढे सरकले की मागून उत्तरेचे कोरडे, गार वारे सुटतात आणि उत्तर भारत, मध्य प्रदेश ओलांडून विदर्भात उतरतात. हिमाचल सिरोंच्यापासून तेरा-चौदाशे किलोमीटरवर आहे. टीव्हीवर तिथल्या बर्फाची बातमी आली की पुढच्या काही दिवसांत इकडे गोधड्या बाहेर काढाव्या लागतील, हा अंदाज बहुतेक वेळा खरा ठरतो.

दुसरी अट निरभ्र आकाशाची. दिवसभर तापलेली जमीन रात्री उष्णता सोडते. ढग असले तर त्यातली बरीच उष्णता परत जमिनीकडे येते. आकाश मोकळे असेल तर ती निघून जाते आणि पहाटेपर्यंत पारा झरझर उतरतो. म्हणून इथल्या डिसेंबरात दुपारी ऊन चटकते आणि पहाटे हात आखडतात. बंगालच्या उपसागरात वादळ झाले की ही घडी विस्कटते. ५ डिसेंबर २०२३ रोजी मिचाँग चक्रीवादळ आंध्रात बापटलाजवळ किनाऱ्याला धडकले. अशा वादळांचे ढग गोदावरीच्या खोऱ्यावर पसरतात, रात्री उबदार होतात आणि बांध्यांत कापून ठेवलेले धान भिजण्याची धास्ती लागते. वर्षभराची कमाई उघड्यावर पडलेली असताना आलेला हा पाऊस शेतकऱ्याला फार महागात पडतो.

बर्फ का पडत नाही, याचे उत्तर थोडे अनपेक्षित आहे. सिरोंच्यावरही साधारण पाच किलोमीटर उंचीवर तापमान शून्याच्या खालीच असते, आणि पावसाळ्यातल्या उंच ढगांच्या वरच्या भागात बर्फाचे कण असतात. खाली येताना ते उबदार हवेत वितळतात आणि जमिनीवर पाऊस होऊन पडतात. मोठ्या गारा तेवढ्या वितळण्याआधी पोहोचतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भ-मराठवाड्याने त्याचा जबर तडाखा सोसला. हिमवृष्टीसाठी जमिनीलगतची हवाही शून्याच्या आसपास असावी लागते. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात पारा ३.५ अंशांवर आला होता. एवढ्या कडाक्यातही आकाश कोरडे असल्यामुळे बर्फाचा प्रश्नच नव्हता. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी दिसणारा पांढरा थर हे गोठलेले दव असते, आकाशातून पडलेला बर्फ नव्हे.

थंडी पडली की घराचा कारभार अंगणात येतो. चुलीवर पाण्याचा गंज चढतो, शेजारी शेकोटी पेटते. पहाटे जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार असल्यामुळे धूर वर जात नाही. पुरुषभर उंचीवर तो आडवा पसरतो आणि छपरांच्या मधून हळूहळू सरकतो. प्राणहितेचे पाणी हवेपेक्षा उबदार राहते, त्यामुळे पात्रावरून वाफ निघत असल्यासारखे धुके उठते आणि ऊन चढले की विरते.

याच महिन्यात मळणी उरकते, तणसाचे ढीग लागतात आणि नवा तांदूळ घरात येतो. तो चिकट शिजतो, म्हणून भाताला पाणी बेताने घालतात. उकडलेल्या तुरीच्या शेंगा सोलत शेकोटीभोवती गप्पा रंगतात. तेलुगू बोलणारी घरे इथे पुष्कळ. तेलंगणाची सर्वपिंडी या दिवसांत खास लागते: तांदळाच्या पिठात हरभऱ्याची डाळ, तीळ, शेंगदाणे घालून गोळा भांड्याच्या तळाशी थापतात, बोटाने भोके पाडून त्यांत तेल सोडतात आणि मंद आचेवर कडा कुरकुरीत होईपर्यंत ठेवतात. नाताळच्या झाडावर बर्फ म्हणून कापसाचे पुंजके लावण्याची रीत भारतभर आहे. कापसाच्या विदर्भात त्याला तोटा नाही.

सगळ्यांनाच ही थंडी सुखाची नसते. गडचिरोली जिल्ह्यात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. गारठ्याने रक्तवाहिन्या आकसतात, कोयत्यासारख्या आकाराच्या पेशी अडकतात आणि सांध्यांत असह्य वेदना उठतात. थंडीत तहान कमी लागते, त्यामुळे पाणीही कमी प्यायले जाते आणि धोका वाढतो. अशा घरात रुग्णाला ऊबदार कपडे, कोमट पाणी आणि वेळेवर औषध मिळणे फार गरजेचे आहे.

जानेवारीच्या मध्यावर तेलुगू घरांतली भोगीची पहाटेची होळी पेटते. त्यानंतर उत्तरेचे वारे हळूहळू मंदावतात, आणि अनेक कुटुंबे मिरची तोडणीच्या मजुरीसाठी नदीपलीकडे तेलंगणात निघतात.